वहिवाट

शेजाऱ्याच्या कुत्र्याने आपल्या परसात पाऊल टाकावे की न टाकावे, हा प्रश्न ज्याच्या घराला अंगणच नाही त्याला क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे; परंतु ज्याने दिवाळी सरताच मागीलदारी वाफे काढले, विहिरीचे पाणी पाटाने फिरवले, माठ, मुळा, मेथी आणि कोथिंबीर यांची कोवळी रोपे चार बोटे वर येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून त्यांची राखण केली, आणि मग त्याच वाफ्याच्या मधोमध उकरलेला हातभर रुंद खळगा, मुळांसकट बाजूला उडालेली रोपे व पाटात लोटलेली खतमाती ज्याच्या दृष्टीस पडली, त्याच्यापुढे या प्रश्नाला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्याचा संताप न्याय्य आहे. परसातल्या भाजीत घरच्या माणसांचे सकाळ-संध्याकाळचे श्रम मुरलेले असतात, आणि ती ज्या मातीत वाढते ती माती स्वच्छ असावी ही अपेक्षाही अवाजवी नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी जंतांची अंडी काही आठवड्यांत रोगकारक बनतात आणि पुढे दीर्घकाळ, प्रसंगी वर्षानुवर्षे, मातीत तग धरून राहतात. ज्या वाफ्यातली कोथिंबीर कच्चीच चिरून कोशिंबिरीवर घालायची, त्या वाफ्यात कुत्र्याने बसू नये असे घरच्या गृहिणीने म्हटले तर तिच्या म्हणण्याला आरोग्यशास्त्राचा पूर्ण आधार आहे.

तेव्हा परसाची राखण करण्याचा माझा हक्क मी आरंभीच निःसंदिग्धपणे मांडून ठेवतो. मला सांगावयाचे आहे ते त्याच्या पुढचे. हा हक्क बजावताना आपली गाठ एकाच वेळी एका मुक्या जिवाशी आणि त्याच्या धन्याशी पडते, आणि या दोघांपैकी एकाचीही विचारपूस न करता केलेला बंदोबस्त पहिल्या पावसाळ्यापलीकडे टिकत नाही, असे मी आमच्या गावात वारंवार पाहत आलो आहे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात दोन घरांच्या आवारांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा असतो. त्याला चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवायचा, फटींत चिपा ठोकायच्या आणि बाकीचे दगडाच्या वजनावर सोपवायचे, एवढेच त्याचे शास्त्र. आषाढाच्या पावसात पायाची माती सुटते, कुठेतरी एखादा चिरा सरकतो, त्याच्या आधाराने बसलेले वरचे दगड ढासळतात, आणि गडग्याला खिंड पडते. दसरा-दिवाळीला गडी लावून ती बुजवायची असा रिवाज आहे खरा. पण गडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि गडगा नेमका कोणाच्या हद्दीतला याविषयी दोन्हीकडे मौन असते. तोवर त्या खिंडीतून येणे-जाणे सुरू झालेले असते. शेजारच्या काकू विरजणाची वाटी घेऊन तिथूनच येतात, आमच्या घरची मुले आंबे पडले की तिथूनच पळतात, कोंबड्या जातात. आणि या सर्वांच्या मागोमाग, किंबहुना बहुधा सर्वांच्या आधी, कुत्रा जातो. गडग्याची खिंड ही अशा रीतीने दोन घरांची वहिवाट होऊन बसते. कुत्र्यासाठी ती बुजवावी, तर काकूंची वाटीही बुजते. हे ध्यानात न घेता एका दिवसात काटेरी तारेचे कुंपण ठोकणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांच्याकडे कुत्रा महिनाभराने तारेखालची माती उकरून पुन्हा येऊ लागला, शेजारची माणसे मात्र आली नाहीत.

सरकारदरबारी या बाबतीत फारशी दाद मिळण्यासारखी नाही, हेही समजून घेतलेले बरे. दुसऱ्याच्या गुरांनी आपल्या शेतात शिरून नासधूस केली तर काय करावे, हे १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने ठरवून दिले. गावोगाव कोंडवाडे उभे राहिले, धन्याने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून आपले जनावर सोडवून न्यावे असा दंडक पडला. त्या कायद्यात गुरे या संज्ञेखाली म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या व शेळ्या यांच्यासह हत्ती आणि उंट यांचीही नावे नमूद केलेली आहेत; कुत्र्याचे नाव नाही. मला वाटते याचे कारण असे असावे, की गुरे दुसऱ्याचे पीक खाऊन पोसली जातात आणि त्या खाण्याचा लाभ त्यांच्या धन्याला मिळतो, म्हणून त्याच्याकडून वसुली करणे रास्त ठरते; कुत्रा मेथी खात नाही, आणि त्याने वाफा उकरल्याने त्याच्या धन्याच्या पदरात काहीच पडत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ निष्काळजी धन्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. पण त्यासाठी जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवावी लागते. चावरा, अंगावर धावून येणारा कुत्रा मोकळा सोडणाऱ्यावर हे कलम अवश्य चालवावे. त्यात भीड धरण्याचे कारण नाही. परंतु वाफ्यात निजणाऱ्या निरुपद्रवी कुत्र्यापुढे ते निरुपयोगी आहे.

उलट बाजूने कायदा अतिशय स्पष्ट आहे, आणि त्यात अलीकडे झालेला एक बदल मला मनापासून समाधान देणारा वाटतो. १८६० च्या दंड संहितेत जनावर मारणे किंवा जायबंदी करणे हा गुन्हा होता. परंतु हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय-बैल यांची गोष्ट वेगळी धरून इतर जनावरांसाठी किमतीची अट घातलेली होती. दहा रुपये वा त्याहून अधिक किमतीचे जनावर असेल तर एक शिक्षा, पन्नास रुपयांपासून पुढे असेल तर त्याहून मोठी. आणि ज्याची किंमत कोणी दहा रुपयेही करणार नाही, त्या जनावराचा या कलमांत उल्लेख नव्हता. गावठी कुत्र्याची किंमत बाजारात कोण करणार? १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या न्याय संहितेच्या कलम ३२५ ने ही किंमत पुसून टाकली. आता कोणतेही जनावर मारले, त्यास विष घातले वा निकामी केले, तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दीडशेहून अधिक वर्षे मुक्या प्राण्याचा जीव रुपयांच्या हिशेबाने तोलला जात होता. तो हिशेब बंद झाला हे योग्यच झाले. पिकावर टाकण्याचे दाणेदार विष कुत्र्यासाठी वापरणारे, किंवा कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणारे लोक आजही गावोगाव आहेत. त्या विषाने कुत्र्यामागोमाग मांजरे आणि कावळेही मरतात, त्या तारेला उद्या एखादे पोर चिकटते, आणि हे सर्व चार पेंढ्या मेथीसाठी घडते. अशा माणसाशी मी बागेविषयी बोलणार नाही.

आमच्या शेजारच्या तात्यांचा मोत्या आमच्या वाफ्यांत येऊ लागला, तेव्हा प्रथम सुचवले गेले ते बाटलीचे. निळ्या किंवा लाल रंगाचे पाणी भरलेली बाटली फाटकाला टांगली की कुत्रे फिरकत नाही, अशी समजूत शहरांतून आणि खेड्यांतून सारखीच प्रचलित आहे. सोसायट्यांच्या पायऱ्यांवर अशा बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. वस्तुस्थिती अशी, की कुत्र्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा एवढेच रंग नीट ओळखू येतात. लाल रंग त्याला मातकट दिसतो, आणि निळा दिसला तरी निळ्याचे भय वाटावे असे त्याच्या नेत्रांत किंवा स्वभावात काही नाही. डांबराच्या गोळ्या टाकाव्यात असे दुसऱ्या कोणी सांगितले. त्या कुत्र्याने गिळल्या तर त्याला विषबाधा होते, आणि आपल्या भाजीच्या मातीतही त्या नकोत. तिखटाची पूड त्याच्या नाका-डोळ्यांत आग ओतते. लिंबाच्या साली तेवढ्या निर्दोष, पण त्यांचा वास सुकल्यावर राहत नाही.

मला स्वतःला ज्या गोष्टीने मार्ग दाखवला ती अगदी सहजासहजी हाती आली. खळे नुकतेच सारवलेले होते. शेणसड्याचा हिरवट ओलावा अद्याप उतरलेला नव्हता, आणि त्यावर एका सरळ रेषेत पावले उमटलेली होती. चार बोटे, मागे गादीचा त्रिकोणी ठसा, आणि प्रत्येक बोटापुढे नखाचा बारीक टोचा. मांजर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून तिच्या पावलाला हा टोचा नसतो; पावले कुत्र्याचीच होती. परंतु मला आश्चर्य वाटले ते त्यांच्या सरळपणाचे. गडग्याच्या खिंडीतून निघालेली ती रेषा, जिथे मासळी साफ करतो त्या दगडाकडे वळली नव्हती, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली नव्हती, कोंबड्यांच्या खुराड्याकडे रेंगाळली नव्हती. तुळशीवृंदावनाला उजवी घालून ती थेट विहिरीलगतच्या वाफ्याकडे गेली होती. चोरीच्या हेतूने आलेल्याची चाल अशी नसते. ज्याचे काम ठरलेले आहे आणि ज्याला वाट रोजच्या सवयीची आहे, त्याचीच ती पावले होती.

फाल्गुनातल्या टळटळीत दुपारी पडवीत बसून मी त्याची वाट पाहिली. मोत्या आला. वाफ्याच्या कडेशी त्याने माती हुंगली, स्वतःभोवती फिरला, आणि पुढच्या दोन्ही पंजांनी वरची तापलेली, भुरभुरीत माती मागे लोटू लागला. थोड्या वेळाने खालची काळसर ओली माती लागली, तसे उकरणे थांबले. मग पोट त्या ओलीला टेकवून, मागचे दोन्ही पाय लांब पसरून, हनुवटी मेथीच्या आडव्या झालेल्या रोपांवर ठेवून तो पडला. त्याची जीभ बाहेर लोंबत होती आणि बरगड्या भात्याप्रमाणे हलत होत्या. हळूहळू त्यांची गती मंदावली, आणि अखेरीस त्याने तोंड मिटले.

कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम सुटत नाही. पंजांच्या गाद्यांना जो काय थोडा ओलावा येतो तेवढाच. बाकीची सर्व उष्णता त्याला धापा टाकून बाहेर काढावी लागते. त्याच्या पोटावर केस विरळ असतात, म्हणून उन्हाने जीव कासावीस झाला की पोटाखाली गार जमीन शोधणे हा त्याच्या देहाचा धर्मच आहे. आमच्याकडचा कातळ चैत्र-वैशाखात असा तापतो की अनवाणी चालवत नाही. अशा वेळी साऱ्या आळीत रोज दोन वेळ पाणी मिळणारी जागा म्हणजे भाजीचा वाफा आणि पोफळीचे आळे. त्यात सुक्या मासळीचे खत किंवा हाडांचा चुरा वरच्यावर पसरलेला असेल, तर निमंत्रणात उणीव ती काय राहिली? मोत्याचे आमच्या मेथीशी वैर नव्हते. त्याला ओलावा हवा होता.

या संदर्भात मला महाभारताच्या आरंभीची सरमेची कथा फार महत्त्वाची वाटते. स्वर्गारोहणाच्या वेळी युधिष्ठिराने कुत्र्याची साथ सोडली नाही, ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण त्या प्रचंड ग्रंथाच्या अखेरीस जसा कुत्रा आहे तसा प्रारंभीही आहे, याचे स्मरण थोड्यांना असते. परीक्षितपुत्र जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असताना देवशुनी सरमेचा पुत्र यज्ञभूमीत येतो, आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन हे राजबंधू त्याला मारून हाकलतात. तो रडत आईकडे जातो. आणि इथे व्यासांची प्रतिभा पाहावी: सरमा लेकराची बाजू घेऊन तत्काळ शाप द्यायला धावत नाही, ती आधी त्यालाच म्हणते, की तू काही तरी अपराध केला असशील म्हणून त्यांनी मारले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटले नाही, हे त्याच्या तोंडून कळल्यावरच ती यज्ञमंडपात जाते आणि राजबंधूंना विचारते, की याने कोणताही अपराध केला नसता तुम्ही याला का मारले? त्यांच्यापाशी उत्तर नसते. त्या मौनानंतरच तिचा शाप येतो, की निरपराध्याला मारलेत म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल. त्या शापाने राजा व्याकुळ होतो आणि त्याच्या परिहारासाठी पुरोहित शोधत हिंडतो. यज्ञभूमी राखण्याचा राजाचा अधिकार या कथेत कोणी नाकारलेला नाही. सरमा जाब विचारते तो चौकशीवाचून केलेल्या शिक्षेचा.

मुंबई शहरात १८३२ च्या जून महिन्यात हाच जाब रस्त्यावर विचारला गेला. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता, मारणाऱ्याला बक्षीस मिळे, आणि त्या लोभाने पाळलेली कुत्रीही लोकांच्या दारांतून ओढून नेली जातात अशी तक्रार होती. ज्यांच्या धर्मविधींत कुत्र्याला पवित्र स्थान आहे त्या पारशी समाजाने बाजार बंद पाडले, कोटात दंगल उसळली, आणि अखेर लष्कर बोलवावे लागले.

मी तात्यांकडे गेलो तो संध्याकाळी न जाता मुद्दाम दुपारी गेलो. त्यांचे जुने मातीचे घर जाऊन तिथे आता स्लॅबचे घर उभे आहे, अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवलेले आहेत, आणि बांधकामाच्या आड येत होता म्हणून पूर्वेकडचा फणस तोडलेला आहे. तक्रार न मांडता मी एवढेच विचारले, "तात्या, मोत्या दुपारचा बसतो कुठं?"

"कुठं म्हणजे? एवढं अंगण पडलंय की त्याला," ते म्हणाले. मग काय मनात आले कोण जाणे, ओटीवरून उतरून त्यांनी वहाण काढली, ठोकळ्यावर पाऊल टेकवले, आणि तत्क्षणी वर उचलले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "फणस होता तेव्हा बुंध्याशी पडून असायचा," ते म्हणाले. "तो तोडला, तेव्हा याचा विचारच नाही केला हो आम्ही."

पुढचे सर्व सोपे झाले. गडग्याच्या खर्चावरून कोकणात भावाभावांत दावे चालतात, पण इथे चिरे त्यांनी दिले आणि गड्याची मजुरी आम्ही दिली. काम करवून घेताना एक पथ्य पाळले: उंचीपेक्षा पायाकडे अधिक लक्ष दिले. कुत्रा उडी मारण्याआधी खालून उकरून पाहतो, म्हणून सर्वांत मोठे चिरे फूटभर जमिनीत पुरून घेतले. आणि ज्यांवर पाय देऊन चढता येईल असे गडग्यालगतचे सुटे दगड उचलून टाकले. खिंड मात्र बुजवली नाही. तिथे बांबूचे बेडे बसवले; खालच्या अंगाला वीतभर अंतरही राहू न देता पट्ट्या ठोकल्या, वर माणसाला हाताने सारता येईल असा अडसर ठेवला. काकू वाटी घेऊन पूर्ववत येतात. मासळीचे खत आता आम्ही खोल पुरतो, आणि नव्याने बी पेरलेल्या वाफ्यावर रोपे वर येईपर्यंत करवंदीच्या वाळक्या काटक्या आडव्यातिडव्या पसरतो. टोचणाऱ्या जागी कुत्रा पाय ठेवीत नाही. तात्यांनी घराच्या उत्तरेकडचे ठोकळे उचकटून तेवढ्या पट्ट्यात वाळू भरली, वर झापांचा मांडव घातला, आणि जुन्या घराची अडगळीत पडलेली दगडी डोणी तिथे मांडून ती रोज सकाळी भरू लागले. उरलेले पाणी ते वाळूवर शिंपतात.

आपल्याकडे वाटेच्या हक्काला मोठा मान आहे. एखाद्याची वीस वर्षांची निर्वेध वहिवाट असेल तर ती १८८२ च्या कायद्याने हक्कात रूपांतरित होते, आणि अशी वाट कोणी अडवली तर मामलेदारासमोर दाद मागता येते. कुत्र्याला मामलेदार नाही. परंतु त्याच्याही वाटेला कारण असते, आणि ते कारण तसेच ठेवून नुसती वाट अडवणारा माणूस वर्षानुवर्षे कुंपणच दुरुस्त करीत बसतो. मोत्याची वाट आता उत्तरेकडच्या वाळूकडे जाते. तात्या मुलाकडे मुंबईला गेले आणि डोणी कोरडी पडली, की तो बेड्याशी येऊन उभा राहतो. अशा दिवसांत डोणी भरण्याचे काम आमच्या घरी कोणीतरी करते.

ज्यांच्या शेजारी कुत्रा आहे अशा वाचकांना माझी विनंती आहे. गडग्याचा पाया मृगाआधी तपासून घ्या, बियांच्या वाफ्यावर काटक्या पसरा, आणि कुत्र्याविषयी शेजाऱ्याशी बोलायचे झाल्यास दुपारी बारानंतर, त्याच्या अंगणात उभे राहून बोला.